आधी खोली, मग मशीन: घरातल्या चित्रगृहासाठी संगणक निवडताना



१९३६च्या डिसेंबरात गिरगावच्या सेंट्रल सिनेमात प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला आणि त्याच एका चित्रगृहात ५७ आठवडे चालला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. आज तोच चित्रपट त्याच गिरगावात, घरच्या टीव्हीवर, हवा तेव्हा पाहता येतो. पण कित्येक घरांत पागनीसांचा चेहरा जवळजवळ एक तृतीयांश जास्त रुंद दिसतो, अभंग मूळ सुरापेक्षा चढा ऐकू येतो, आणि कुणाला त्यात काही खटकतही नाही. पडदा मोठा आला, पण चित्रपट नीट दिसायचा राहिला.

घरच्या टीव्हीला जोडून चित्रपट पाहण्यासाठी वेगळा संगणक घ्यायचा, तर दुकानात पहिला प्रश्न येतो प्रोसेसरचा आणि रॅमचा. हा क्रम उलटा आहे. बसायचं कुठे आणि पाहायचं काय, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळाली, की यंत्र आपोआप ठरतं, आणि बहुतेक वेळा ते अंदाजापेक्षा बरंच स्वस्त निघतं.

सुरुवात खोलीपासून करू. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही टीव्हीपासून दिवाणापर्यंतचं अंतर सात-आठ फुटांच्या पलीकडे क्वचितच जातं. आता पडद्याचं गणित पाहा. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीत या रुंदीत १,९२० ठिपके बसतात, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला असे दोन शेजारचे ठिपके सुमारे १.७ मीटरपर्यंत, म्हणजे साडेपाच फुटांपर्यंतच वेगळे ओळखता येतात. सात फुटांवर बसणाऱ्या माणसाला त्याच आकाराच्या फोर-केमधले जादा ठिपके दिसणारच नाहीत. ५५ इंची पडद्यावर ही मर्यादा सात फुटांच्या आसपास येते आणि त्या आकारापासून पुढे फोर-केला अर्थ येऊ लागतो. वरळीच्या बीडीडी पुनर्विकासात २०२५ मध्ये पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. अशा घरात अंतर वाढतं, पडदा मोठा लागतो आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो. मोजपट्टी खिशात घालूनच दुकानात जावं, ते यासाठी.

दुसरा प्रश्न कपाटातल्या साठ्याचा. मराठी घरात तो बहुधा चार थरांचा असतो: लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेट, दोन-दोन तबकड्यांतल्या व्हीसीडी, डीव्हीडी, आणि अलीकडच्या फाइली. प्रत्येक थराचं दुखणं वेगळं.

व्हीसीडीचं चित्र अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. ते मोठं करून दाखवताना कोणताही संगणक त्यात नवा तपशील घालू शकत नाही, फार तर ठोकळे थोडे मऊ करतो. डीव्हीडीचं चित्र आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६. बोलपट सेकंदाला २४ चित्रं या वेगाने चित्रित होतो, तर पाल टीव्हीचा वेग २५. त्यामुळे जुना बोलपट डीव्हीडीवर आणताना तो अनेकदा थोडा पळवला जातो. १३१ मिनिटांचा ‘संत तुकाराम’ या हिशेबाने एकही दृश्य न कापता १२६ मिनिटांत संपतो. वेग चार टक्के वाढला, की सूर सुमारे पाऊण स्वर-पट्टी चढतो. काळी दोनमध्ये गायलेला अभंग पांढरी तीनच्या जवळ जाऊन पोहोचतो. गाणाऱ्या घराला हे सहन होऊ नये, आणि त्यावर उपायही आहे. एमपीव्ही या मोफत प्लेअरमध्ये वेग ०.९६ ठेवायचा आणि सूर कायम राखण्याची सोय बंद करायची. वेग आणि सूर दोन्ही मूळ जागी येतात. तबकडीवरची वेळ चित्रपटाच्या नोंदलेल्या लांबीशी ताडून पाहिली, की हा उपाय कुठे लागू आहे ते कळतं.

लग्नाच्या कॅसेटचं प्रकरण आणखी नाजूक. जुन्या टीव्ही पद्धतीत चित्राच्या विषम रेषा आधी आणि सम रेषा नंतर येत. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. कॅसेट संगणकावर उतरवताना स्टुडिओवाला दोन-दोन अर्धी चित्रं घाईने एकत्र करून टाकतो. मग मंगलाष्टकांच्या वेळी उडालेली प्रत्येक अक्षत फणीच्या दातांसारखी रेघारेघांची दिसते, आणि हे पुढे दुरुस्त करणं फार अवघड. म्हणून उतरवतानाच ५७६ रेषांचं मूळ इंटरलेस्ड रूप जपायला सांगावं. रेषांची जुळणी पाहताना प्लेअरला करू द्यावी, तीही सेकंदाला ५० पूर्ण चित्रं देणाऱ्या पद्धतीने. मुंबईच्या दमट हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नये. ती बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला.

शेवटचा थर नव्या फाइलींचा, आणि यंत्राचा कस लागतो तो इथे. एचईव्हीसी पद्धतीने, त्यातही १०-बिट रंगांत बांधलेली फाइल उलगडायला मोठं गणित लागतं. ते करणारा खास भाग चिपमध्ये असेल, तर लहानसा संगणकही शांतपणे चित्र दाखवतो. नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र अडखळतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून १०-बिट एचईव्हीसीची ही सोय चिपमध्येच आहे. सहाव्या पिढीत ती फक्त ८-बिटपुरती आहे. एव्ही-वन या आणखी नव्या पद्धतीसाठी अकराव्या पिढीपर्यंत यावं लागतं.

ही माहिती ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, लगेच उपयोगी पडते. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले पुस्तकाएवढे संगणक (डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे मिनी) रिफर्बिश्ड म्हणून विकले जातात. बाहेरून ते सारखेच दिसतात. फरक स्टिकरवरच्या आकड्यात असतो: आय-फाइव्ह ६५००टी, ७५००टी, ८५००टी. पहिला आकडा म्हणजे पिढी. सहाने सुरू होणारा सोडावा, साताने सुरू होणारा चालेल, आठाने सुरू होणारा मिळाला तर उत्तम, कारण विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. या डब्यांना पुष्कळदा डिस्प्लेपोर्टच असतं. त्याला साधा स्वस्त अडॅप्टर लावला, तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच मिळतं. ६० हवं तर एचडीएमआय २.० देणारा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर मागावा. फुल एचडी टीव्हीला हा खर्च करायची गरज नाही.

नवंच घ्यायचं असेल, तर २०२३च्या जानेवारीत आलेल्या इंटेल एन-१०० चिपचे मिनी पीसी या कामाला पुरेपूर आहेत: चार कोअर, सहा वॉटची मर्यादा, एव्ही-वनसह सगळ्या पद्धती उलगडण्याची सोय. रास्पबेरी पाय हा तिसरा मार्ग. त्याला टीव्हीचाच रिमोट चालतो, कारण एचडीएमआयच्या तारेतून रिमोटचे हुकूम पोहोचवणारी सीईसी सोय त्यात आहे. बहुतेक संगणकांत ती नसते, त्यांना वेगळा यूएसबी रिमोट किंवा मोबाइलवरचं अॅप लागतं. घरात आजी-आजोबा असतील, तर ही गोष्ट प्रोसेसरपेक्षा महत्त्वाची. उशीशेजारी कीबोर्ड ठेवावा लागला, तर तो संगणक महिनाभरात पडून राहतो.

एका खोलीच्या घरात स्वयंपाक आणि सिनेमा एकाच हवेत चालतात. फोडणीची वाफ टीव्हीमागच्या संगणकाच्या पंख्यात शिरते, तिच्या चिकटपणावर धूळ बसते, पात्यांवर तपकिरी थर चढतो, आणि वर्षभरात पंखा आवाज करू लागतो. म्हणून पंखा नसलेला किंवा सावकाश फिरणाऱ्या पंख्याचा डबा घ्यावा, तो ओट्यापासून दूर आणि भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवावा, आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून ब्रशने साफ करावा. आत फिरणारी मोठी हार्ड डिस्क नको: सिस्टिमसाठी लहान एसएसडी, चित्रपटांसाठी बाहेरून लावायची अडीच इंची डिस्क. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे एक टीबीत अशा दोनशेहून जास्त मावतात. लग्नाच्या कॅसेटची मात्र दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी हवीच.

विजेचाही विचार करावा. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप ६० वॉट खात असेल आणि रोज पाच तास चालत असेल, तर वर्षाला सुमारे ११० युनिट होतात. दहा वॉटच्या मिनी पीसीचे १८. बेस्टच्या बिलावर हा फरक दर महिन्याला उमटतो, शिवाय मे महिन्यात खोलीत तेवढी उष्णता कमी.

आता सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टचं मीडिया सेंटर विंडोज १०पासून गेलं, आणि ती जागा कोडीने समर्थपणे भरली आहे. एक्सबॉक्ससाठी हौशी मंडळींनी सुरू केलेला हा प्रकल्प. २०१४ मध्ये त्याला कोडी हे नाव मिळालं. तो मोफत आहे. संगणक फक्त यासाठीच असेल, तर लिब्रेइलेक घालावं: बटण दाबलं, की थेट कोडीच उघडतं, मधे दुसरं काही नाही. घरात दोन-तीन टीव्ही किंवा मोबाइलवरही तोच संग्रह हवा असेल, तर जेलीफिन. चाळीच्या जाड भिंतींतून वाय-फाय रडतखडत पोहोचतं, तेव्हा जमेल तिथे लॅनची तार टाकावी.

कोडी बसवल्यावर तीन गोष्टी लगेच कराव्यात. चित्रपटाच्या वेगाप्रमाणे टीव्हीचा रिफ्रेश रेट बदलण्याची सोय सुरू करावी, म्हणजे २४चा बोलपट २४वर आणि ५०ची कॅसेट ५०वर चालते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘वाइड’ किंवा ‘झूम’ बंद करून चित्र जसंच्या तसं ठेवावं. जुन्या चित्रपटाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, तर त्या येऊ द्याव्यात. त्या पट्ट्यांमधलं चित्र हेच दामले-फत्तेलालांनी रचलेलं चित्र. आणि फाइलींना नाव देताना कंसात वर्ष घालावं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा, ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आलेला. त्याच कथेवर पुढे कितीतरी चित्रपट निघाले, वर्षाशिवाय कोडी भलतंच पोस्टर लावतं. प्रभातने ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ हे एकाच कथेचे मराठी व हिंदी चित्रपट १९३७ मध्ये केले. त्यांची दोन वेगळी फोल्डर हवीत. मराठी उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८मध्ये जतन करावी आणि देवनागरी फॉन्ट निवडावा. मुंबईच्याच एक टाइपने घडवलेला मुक्ता दुरूनही स्वच्छ वाचता येतो.

पैसे भरून पाहायच्या सेवांसाठी मात्र या संगणकाचा आग्रह धरू नये. लिनक्सवरच्या ब्राउझरला वाइडवाइन या नक्कलरोधक संरक्षणाची वरची पातळी मिळत नाही, म्हणून तिथे चित्र कमी प्रतीचं येतं. ते काम टीव्हीतल्या अॅपकडे द्यावं, स्वतःच्या संग्रहाचं काम संगणकाकडे. आणि संग्रह सरळ मार्गाने करावा. १९५७च्या कायद्याने आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९५३च्या ‘श्यामची आई’पर्यंतचा मोठा ठेवा त्यातून मोकळा झाला आहे. नव्या चित्रपटांसाठी विकतची तबकडी आणि सेवांची वर्गणी आहेच.

आवाजाबद्दल थोडंच. १६० चौरस फुटांत पाच स्पीकर आणि सबवूफरला जागाही नाही आणि गरजही नाही. लाकडी तक्तपोशीतून घुमणारा आवाज थेट खालच्या बिऱ्हाडात उतरतो. दोन चांगले स्पीकर किंवा टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून बाहेर देणाऱ्या एआरसीच्या एका तारेने जोडलेला साउंडबार पुरतो. सहा वाहिन्यांचा आवाज दोनांत उतरवताना संवाद दबतात, तेव्हा कोडीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये तेवढी वाढ द्यावी. जुने बोलपट मुळात एकाच वाहिनीचे, त्यांना हा प्रश्न येत नाही.

दुकानात जाताना एका पेनड्राइव्हवर तीन फाइली न्याव्यात: एक जुना चौकोनी चित्रपट, कॅसेटवरून उतरवलेला लग्नाचा एक तुकडा, आणि १०-बिट एचईव्हीसीची एक फाइल. तिन्ही पाच-पाच मिनिटं चालवायला सांगाव्यात आणि तेवढ्यात टास्क मॅनेजर उघडावा. तिसरी फाइल चालताना प्रोसेसरचा आकडा २०-३० टक्क्यांच्या आत राहिला, तर चिप आपलं काम करते आहे. तो ऐंशीच्या वर गेला, तर डबा परत करावा. मग दुकानाचा पंखा मिनिटभर बंद करायला लावून डब्याला कान लावावा. हे सगळं जमलं, की वॉरंटीसह जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं आणि स्टिकरवरचा आकडा त्या बिलावर लिहून घ्यावा.