चौकशीला सामोरी जाणारी विद्यार्थिनी



 परिचर्या शिक्षणाच्या या परिषदेत मनुष्यबळाचा तुटवडा, परदेशातील संधी, नवा अभ्यासक्रम या विषयांवर परिसंवाद ठेवलेलेच आहेत. परिषदेची अध्यक्ष म्हणून मी एकच विषय घेऊन उभी आहे. कॉपी, खोटी नोंद, गैरहजेरी, गैरवर्तन अशा आरोपावरून आपण एखाद्या विद्यार्थिनीला चौकशीला बोलावतो, तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे कोणीतरी तिथे असले पाहिजे. त्यात तिचे हित आहे आणि तिच्या हाताखाली येणाऱ्या रुग्णाचेही आहे.

1891 साली बाई काशीबाई गणपत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात परिचर्येच्या प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. तेव्हापासून आजवर आपल्या शिक्षणाचा कणा शिस्त हाच राहिला आहे. त्या शिस्तीचा मला अभिमान आहे. वेळेवर दिलेले औषध, धुतलेले हात, तपासून केलेली सही यांवर माणसे जगतात. पण शिस्त लावणाऱ्यालाही काही शिस्त असावी लागते, आणि तिथे आपण ढिले आहोत.

अनेक वर्षे मी चौकशी समित्यांवर बसले आहे. त्या फायलींमधला एक कागद मला नेहमी अस्वस्थ करतो. तो म्हणजे विद्यार्थिनीचा माफीनामा. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, पहिल्या वर्षाला इंग्रजीत चार वाक्ये लिहिताना अडखळणारी मुलगी, आणि माफीनामा मात्र निर्दोष कचेरीच्या इंग्रजीत. आरोपाचे कलम, तारीख, ‘स्वेच्छेने व कोणत्याही दबावाशिवाय’ हे शब्द, सगळे जागच्या जागी. खाली वेगळ्या शाईत तिची थरथरलेली सही. तारीख बहुधा घटनेच्याच दिवसाची असते. म्हणजे आरोप ठेवला, कबुली घेतली, आई-वडिलांना फोन केला, हे सगळे एकाच दुपारी उरकलेले असते. समिती बसते ती नंतर, आणि तिच्यापुढे पुरावा म्हणून हाच कागद असतो. मी अशा प्रत्येक फायलीत आग्रह धरत आले आहे की हा कागद बाजूला ठेवा आणि मुलीला तिच्या भाषेत, तिच्या शब्दांत पुन्हा सांगू द्या. ती सांगते ते पुष्कळदा माफीनाम्याहून वेगळे निघते. कधी ते तिच्या विरोधातही जाते, पण निदान ते तिचे असते.

काही सहकारी म्हणतात, कॉलेज म्हणजे कोर्ट नव्हे. बरोबर आहे. पण या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार जुनी वाट घालून दिली आहे. उत्तर प्रदेशात 1954 च्या इंटरमिजिएट परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या तीन विद्यार्थ्यांचा निकाल परीक्षा मंडळाने गैरप्रकाराच्या आरोपावरून नंतर रद्द केला आणि त्यांना पुढच्या परीक्षेलाही बंदी केली. त्यांचे म्हणणे कोणी ऐकलेच नव्हते. घनश्याम दास गुप्ता यांच्या या खटल्यात 1962 साली न्यायालयाने सांगितले की, नियमात सुनावणीचा उल्लेख नसला तरी निर्णयाचे परिणाम इतके गंभीर असताना समितीने न्यायबुद्धीने वागलेच पाहिजे, आणि आरोपीला बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे. पुढे 1970 मध्ये बिहारच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली. एखाद्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली म्हणून तिथली परीक्षाच रद्द होत असेल, तर प्रत्येकाला वेगळी नोटीस देण्याची गरज नाही. आणि 1973 मध्ये रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात, वसतिगृहात घुसलेल्या मुलांविरुद्ध तक्रार करणाऱ्या मुलींचे जबाब त्या मुलांच्या गैरहजेरीत घेणे न्यायालयाने योग्य ठरवले. म्हणजे तक्रारदाराचे संरक्षण आणि आरोपीची सुनावणी, दोन्ही साधता येतात. रॅगिंगच्या किंवा छळाच्या प्रकरणांत हे आपण विसरता कामा नये.

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेतल्या गैरप्रकारांना निदान एक ठरलेली चाकोरी आहे. राज्याचा 1982 चा कायदा आहे, विद्यापीठाची समिती आहे. खरा अंधार आहे तो कॉलेजच्या पातळीवर, वॉर्डातल्या आणि होस्टेलच्या प्रकरणांत.

एक उदाहरण जरा बारकाईने पाहू. सकाळी सहाची टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसन यांची नोंद. तीस खाटांचा वॉर्ड, रात्रपाळीला एक स्टाफ नर्स आणि एक विद्यार्थिनी. सकाळी इन्चार्ज सिस्टर चार्ट उघडतात तर तिसांच्या तिसांचे श्वसन अठरा. मिनिटाला अठरा, ओळीने खालपर्यंत. हा गुन्हा लहान नाही. रुग्ण बिघडू लागला की श्वसनाचा वेग बहुधा सर्वांत आधी बदलतो, आणि तोच आकडा इथे मनाने भरलेला आहे. अशा मुलीला त्या दिवशी रुग्णांपासून दूर ठेवणे योग्यच आहे. पण ते रुग्णाच्या सुरक्षेसाठी उचललेले पाऊल आहे, शिक्षा नव्हे. या दोन गोष्टींचे कागद वेगळे असले पाहिजेत. चौकशीने मग हिशेब मांडावा. श्वसन नीट मोजायला पूर्ण मिनिट लागते. तीस रुग्ण म्हणजे नुसत्या श्वसनाला अर्धा तास. नाडी, ताप, रक्तदाब त्यानंतर. सहाच्या आधी तिच्याकडे आणखी कोणती कामे होती? तिच्यासोबत वरची कोण होती? याआधीचे आठ दिवस त्या वॉर्डात श्वसनाचे आकडे काय होते? मागची पाने उलटली की कधी कधी दिसते, तिथेही अठराच आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांत सेवेतल्या नर्सही आहेत. मग एकट्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला काढून टाकल्याने वॉर्ड सुरक्षित झाला असे म्हणण्याची आपली तयारी आहे का?

प्रसूती विभागाच्या केस बुकचेही तेच. अभ्यासक्रम ठरावीक संख्येने प्रसूती करून दाखवायला सांगतो. एकाच लेबर रूमशी अनेक कॉलेजे जोडलेली, एका खाटेभोवती निरनिराळ्या गणवेशांतल्या मुली उभ्या. पोस्टिंग संपत येते, आकडा भरत नाही, आणि सीनियरचे केस बुक हाती येते. ती नक्कल खोटीच आहे. पण त्या प्रत्येक पानाखाली ट्युटरची सही असते. मग चौकशीत पहिल्यांदा मागवायला हवे लेबर रूमचे रजिस्टर. त्या पंधरवड्यात तिथे प्रसूती किती झाल्या आणि पोस्टिंगवर मुली किती होत्या, एवढे दोन आकडे समोर ठेवले की आरोपाचा किती भाग मुलीचा आणि किती आपला, हे कळते.

शिक्षेविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण ती समितीत कोणी बोलत नाही. पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकांचे तास शंभर टक्के पूर्ण व्हावे लागतात. अभ्यासक्रमाच्या 2021 च्या सुधारित नियमांपासून बी. एस्सी. नर्सिंगला सत्र पद्धत आली, त्यामुळे पोस्टिंग सत्राच्या महिन्यांतच बसवायची असतात. समिती ‘फक्त पंधरा दिवस निलंबन’ असे लिहिते आणि आपण सौम्य वागलो असे समजते. ते पंधरा दिवस ऑपरेशन थिएटरच्या पोस्टिंगमध्ये पडले तर ती पोस्टिंग पुन्हा कधी मिळणार? तास राहिले की परीक्षा राहते, परीक्षा राहिली की बॅच सुटते, शिष्यवृत्ती अडते, नोंदणी लांबते. कर्ज काढून शिकणाऱ्या घराला ही शिक्षा एका वर्षाची पडते. जे लिहिले त्याहून जास्त भोगायला लावणारी शिक्षा अन्याय्य आहे. निलंबन द्यायचेच असेल, तर बुडालेले तास कधी आणि कुठे भरून दिले जातील ते त्याच आदेशात लिहिले गेले पाहिजे.

पदव्युत्तर प्रबंधातील वाङ्मयचौर्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत पायऱ्या आहेत. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, चाळीसपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा सादर करा, त्यापुढे कडक शिक्षा. एम. एस्सी.च्या विद्यार्थिनीला ही पायरी मिळते, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीने केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा, उतरवून काढला तर आपण तिच्या बापाला गावाहून बोलावतो. आता सॉफ्टवेअर सांगते म्हणून निबंध यंत्राने लिहिला असे ठरवण्याचीही सुरुवात झाली आहे. पडद्यावरचा टक्का हा संशयाला पुरेसा असेल, पुराव्याला नाही. मुलीला समोर बसवा, त्याच रुग्णाचा केअर प्लॅन तोंडी विचारा. दहा मिनिटांत उत्तर मिळेल.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते. चुकीचे औषध दिले गेले तर नर्सने तत्क्षणी सांगावे, ही आपली सर्वांत मोठी गरज आहे. सांगितले तर उतारा देता येतो, डॉक्टरांना बोलावता येते. होस्टेलमध्ये मुली एकमेकींना काय शिकवतात ते मी ऐकले आहे: ‘कबूल केलंस की संपलीस, काहीच माहीत नाही म्हण.’ हे त्यांना कोणी वर्गात शिकवले नाही. आपल्या चौकश्या पाहून त्या शिकल्या. ज्या मुलीने स्वतःहून येऊन ‘मिस, माझ्याकडून डोस चुकला’ म्हटले आणि जी पकडली गेली, त्या दोघींना आपण एकच शिक्षा देतो, तेव्हा पुढच्या दहा जणी गप्प बसतात. त्यांच्या गप्प बसण्याची किंमत रुग्ण मोजतो. मुलीची बाजू मांडणाऱ्याला मी म्हणूनच रुग्णाचा माणूस मानते.

ट्युटर भगिनींच्या अडचणी मला ठाऊक आहेत. तुमच्यावर तासिका, वॉर्ड, नर्सिंग कौन्सिलची तपासणी, संस्थेचा दबाव, सगळे आहे, आणि खोटेपणा वारंवार दिसला की मन कडवट होते. तुमच्याकडून दयाबुद्धीची मागणी मी करत नाही. आरोप करणारी, चौकशी करणारी आणि शिक्षा ठरवणारी व्यक्ती एकच नसावी, एवढेच मागते. यात तुमचेही संरक्षण आहे.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. आरोप लेखी आणि विद्यार्थिनीला समजेल त्या भाषेत द्यावा. पुराव्याची प्रत तिला मिळावी. उत्तराला किमान सात दिवस असावेत, आणि त्याआधी घेतलेला कोणताही माफीनामा ग्राह्य धरू नये. चौकशीत तिच्यासोबत तिने निवडलेले एक माणूस बसू द्यावे, मग ती शिक्षिका असो, पालक असो वा विद्यार्थी परिचारिका संघटनेची प्रतिनिधी. ही संघटना 1929 पासून आपल्या देशात आहे, तिला स्नेहसंमेलनापलीकडे हे काम द्या. आदेशात कारणे लिहावीत आणि दाद कुठे मागायची तेही लिहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनी विद्यापीठांना विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल नेमायला सांगितले आहे. आपल्या विद्यापीठाच्या लोकपालाचा पत्ता प्रत्येक होस्टेलच्या फलकावर लागावा.

सात दिवस फार होतात असे काही प्राचार्यांनी मला सकाळीच सांगितले. त्यांनी उद्या तसे जरूर मांडावे. पण त्या चर्चेत मागच्या रांगांत गणवेशात बसलेल्या माझ्या विद्यार्थिनींनाही बोलायला वेळ दिला जाईल, हे अध्यक्ष म्हणून मी आत्ताच जाहीर करते.