टाचेचा गिअर ठेवावा की काढावा?
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं, ‘तू मोटारसायकलवर बोल, पण दहा मिनिटांत बस.’ त्यामुळे सगळी मोटारसायकल घेत नाही. तिचा वीतभर भाग घेतो. डाव्या पायाशी गिअरचा जो लिव्हर असतो, त्याचं मागचं टोक, म्हणजे टाचेनं दाबायचं ते. पुढच्या महिन्यात आपल्यापैकी काही जण पसरणी घाटानं पाचगणीला निघालेत आणि त्यांच्या ग्रुपवर आठवडाभर हाच वाद पेटलाय : हे टोक ठेवायचं की काढून टाकायचं?

आपल्या पिढीचा पाय या बाबतीत फार गोंधळलेला आहे आणि त्याला कारण आहे. आपण शाळेत होतो तेव्हा पुण्यात घरोघरी चेतक होती, किंवा निदान तिचा नंबर लावलेला होता. चेतकचा गिअर डाव्या हातात. १९७२ साली आलेल्या लुनाला तर गिअरच नव्हता. जावा-येझदीला गिअरचा लिव्हर वर फिरवला की त्याचीच किक व्हायची. बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे तीन खाली. शिवाय टाचेनं दाबायचा एक छोटा वेगळा लिव्हर होता, तो दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून थेट न्यूट्रल करायचा. मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. तिचे सगळे गिअर पुढे चवड्यानं दाबून चढवायचे आणि टाचेनं उतरवायचे. पी. टी.च्या सरांनी आपल्याला डावा-उजवा पाय शिकवला होता, पण ही कवायत त्यांच्याही अभ्यासक्रमात नव्हती.

आता आपल्यापैकी बऱ्याच जणांनी निवृत्तीनंतर क्लासिक ३५० नाहीतर मिटिऑर घेतली आहे. तिचा पहिला गिअर खाली आणि पुढचे चार वर. लिव्हर मधल्या दांड्याभोवती तराजूसारखा हलतो. पुढचं टोक वर गेलं की मागचं खाली जातं. म्हणजे चवड्यानं उचला नाहीतर टाचेनं दाबा, गिअरपेटीला दोन्ही सारखंच : गिअर चढतो. उतरवायचा मात्र पुढचं टोक दाबून. हिमालयन घेतलेल्यांना हे मागचं टोक मुळातच नाही, आणि त्यांचं काही अडत नाही.

ठेवावं म्हणणाऱ्यांची बाजू आधी सांगतो. चांदणी चौकातून स्वारगेटला यायचं तर किती वेळा गिअर बदलावा लागतो ते तुम्ही जाणता. प्रत्येक वेळी चवडा लिव्हरखाली घालून घोटा वर उचलायचा. साठीतल्या घोट्याला ते नको होतं. टाचेनं दाबायला पायाचं वजन पुरतं. दुसरं म्हणजे पायताण. कोल्हापुरी किंवा सँडल घालून लिव्हर उचलला तर अंगठा सोलवटतो. बूट असेल तर डाव्या बुटाची वरची बाजू झिजते. चांगल्या चामडी बुटांचा जोड एका पायानं म्हातारा होतो.

काढावं म्हणणाऱ्यांचंही खोटं नाही. आपला मागच्या बाकावरचा उंच मित्र दहा नंबरचा बूट घालतो. त्याचा पाय दोन टोकांच्या मध्ये मावत नाही. साताऱ्यापर्यंत पाय एकाच कोनात ठेवला की गुडघा धरतो. मागे सरकवावा तर टाच लिव्हरवर. ताम्हिणीसारख्या रस्त्यावर खड्डा चुकत नाही म्हणून फूटरेस्टवर उभं राहावं, तर टाच नकळत दाबली जाते, चढावर मध्येच वरचा गिअर पडतो आणि गाडीचा दम जातो. त्यानं नाना पेठेतून नुसत्या पुढच्या टोकाचा लिव्हर आणून बसवला. जुना मात्र फडक्यात बांधून माळ्यावर ठेवला, हे त्यानं फार शहाणपणाचं केलं. लिव्हर एकसंध असेल तर ग्राइंडरनं कापू नका. कापलेलं परत जोडता येत नाही आणि राहिलेल्या टोकाची धार पोटरीला लागते.

मी माझ्या गाडीचं ठेवलं आहे. माझे दिवस जास्त पुण्यात जातात आणि घाट महिन्यातून एखादा. फक्त मेकॅनिककडून लिव्हर दांड्यावरून काढून एक खाच फिरवून बसवला. पण एक लक्षात ठेवा, तराजूच तो : मागचं टोक खाली केलं की पुढचं वर येतं. म्हणून नेहमीचा बूट घालूनच मेकॅनिककडे जा.

तेव्हा ग्रुपवरच्या वादाला माझं उत्तर एवढंच : गाडी कुणाची हे बघू नका, पाय कुणाचा ते बघा. दोघेही बरोबर आहेत.

खरा धोका मात्र दुसरीकडे आहे आणि त्यासाठीच हा विषय घेतला. आपल्याला सवय आहे, चहाला थांबलो की ‘दे रे, तुझी जरा चालवून बघतो’ म्हणायची. आपल्या यादीत दोघांकडे स्प्लेंडर आहे, एकाकडे वडिलांची जुनी बुलेट, बाकी क्लासिक. स्प्लेंडरवाल्यानं क्लासिकवर बसून सवयीनं गिअर चढवायला चवडा दाबला, तर चौथ्याचा तिसरा होतो. उतारावर वेगात हे झालं आणि क्लच झटकन सुटला, तर मागचं चाक घसरू शकतं. जुन्या बुलेटवर तर डावा पाय गिअर समजून ब्रेक दाबेल. घाबरल्यावर डोकं विचार करत नाही, पाय जुनं पाठांतर म्हणतो.

म्हणून माझी विनंती आहे. घाटात गाड्यांची अदलाबदल नको. करायचीच तर वाईत, मोकळ्या जागेत, चार फेऱ्या मारून. ज्यांनी लिव्हर नवा बसवला आहे, त्यांनी आधी आठवडाभर शहरात चालवावा. आणि निघायच्या आदल्या रविवारी सगळ्यांनी गाड्या घेऊन शाळेच्या मैदानावर या. पी. टी.चे सर येतो म्हणालेत. या वेळी ते फक्त डावा पाय तपासणार आहेत.