हृदयरोग्याचे पुनर्वसन : येणारे का येतात, न येणारे का येत नाहीत?

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हृदयविकाराचा झटका आलेला माणूस दवाखान्यातून घरी आल्यावर त्याचे पुढे काय होते, या विषयावर बोलण्यास मंडळाने आम्हाला सांगितले आहे. झटका, अँजिओप्लास्टी, बायपास हे शब्द आता आपल्या वस्त्यांत घरोघरी माहीत झाले आहेत. २०१२ साली राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. ज्यांना हे उपचार स्वप्नातही परवडले नसते, अशा कष्टकऱ्यांच्या शस्त्रक्रिया तिच्यामुळे होऊ लागल्या. ही मोठी गोष्ट आहे. परंतु पुनर्वसन म्हटले की आपल्याला अजून जायकवाडीचे धरणग्रस्तच आठवतात. हृदयरोग्याचेही पुनर्वसन असते, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

ते असते तरी काय? अँजिओप्लास्टीने अडलेली रक्तवाहिनी मोकळी होते, पण ती ज्या रोगाने अडली तो रोग शरीरात राहतोच. म्हणून घरी आल्यानंतर साधारण तीन महिने रुग्णाने ठरलेल्या दिवशी केंद्रात यावे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बेताबेताने व्यायाम वाढवावा, औषधे समजून घ्यावीत, तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी सोडावी, रक्तदाब व साखर ताब्यात आणावी, मनातील भीती घालवावी आणि पुन्हा कामावर जाण्याजोगे व्हावे, असा हा कार्यक्रम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ सालीच हृदयरोग्यांच्या पुनर्वसनावर अहवाल दिला होता. २०२१ साली जगभरातील ८५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत २३ हजारांहून अधिक रुग्ण होते. व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असे त्यात दिसून आले.

इतके असूनही बहुसंख्य रुग्ण तेथपर्यंत पोहोचत नाहीत. का? 'आपल्या लोकांना आरोग्याचे महत्त्वच कळत नाही' हे उत्तर सर्वांत सोपे आहे, आणि आमच्या मते ते सर्वांत अन्यायाचे आहे. आपण एकेक कारण पाहू.

पहिले कारण म्हणजे जागाच कमी. आपल्या देशात अशी केंद्रे फार थोडी, तीही मुख्यतः मोठ्या शहरांत. देशभरचा हिशेब मांडला तर शेकडो रुग्णांमागे एखादी जागा निघते. जी सोय मुळातच नाही तिला रुग्ण आला नाही, असे कसे म्हणावे?

दुसरे कारण, जेथे सोय आहे तेथेही रुग्णाला कोणी नीट सांगत नाही. सुटीच्या कागदावर औषधांची नावे असतात, पुनर्वसनाची ओळ नसते. डॉक्टरांनी किती आग्रहाने सांगितले यावर रुग्ण येणार की नाही हे सर्वांत जास्त अवलंबून असते, हे १९९० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसून आले आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तेथे नेहमीच्या पद्धतीत दहापैकी सुमारे तीनच रुग्ण पुनर्वसनात दाखल होत. जेथे प्रत्येक रुग्णाचे नाव आपोआप केंद्राकडे पाठवले गेले आणि शिवाय कोणीतरी खाटेजवळ बसून समजावून सांगितले, तेथे दहापैकी सात दाखल झाले. बोलावण्याची रीत बदलली आणि येणाऱ्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली.

तिसरे कारण भाकरीचे आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडचे रुग्ण उपचारासाठी आपल्या शहरात घाटी रुग्णालयात येतात. आठवड्यातून दोन-तीनदा पुन्हा यायचे म्हणजे बसभाडे, सोबत येणाऱ्याचा रोज आणि स्वतःचा बुडालेला रोज. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात ज्याचा कामगार विमा भरला जातो, त्याला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा दिला आणि १९४८ साली कायदा झाला. परंतु बिगारी कामगार, मोलकरीण, हातगाडीवाला, ऊसतोड मजूर यांना हे छत्र नाही. त्यांना 'तीन महिने या' म्हणणे म्हणजे 'तीन महिने उपाशी राहा' म्हणण्यासारखे आहे.

चौथे कारण भीती आणि जुना समज. पूर्वी झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. १९५२ साली अमेरिकेत डॉ. लेव्हिन व डॉ. लाऊन यांनी अशा रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवले आणि ते मानवते असे दाखवून दिले. वैद्यकशास्त्र पुढे गेले, पण आपल्या घरांत 'हलू नको, जिना चढू नको' हेच चालू आहे. याउलट काहींना वाटते की, स्प्रिंग बसली म्हणजे रोग गेला. एक घाबरून येत नाही, दुसरा निर्धास्त होऊन येत नाही.

पाचवे कारण आमच्या भगिनींचे. स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी येतात, हे जगभर दिसते. घरच्या पुरुषाला झटका आला तर पथ्याचे जेवण तीच करते, सोबतही तीच जाते. तिला झटका आला तर पंधरा दिवसांत ती पुन्हा चुलीपुढे असते. २०२३ पासून एस.टी.मध्ये स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत आहे. भाडे निम्मे झाले, तरी तिच्या वाट्याचे काम निम्मे कोणी केले?

आता येणाऱ्यांविषयी. भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर योगावर आधारलेल्या पुनर्वसनाची चाचणी झाली व २०२० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांत १३ सत्रे होती. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे यात दोन गटांत ठाम फरक सिद्ध झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण योगाच्या गटातील रुग्णांना अधिक बरे वाटले व ते पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगले परतले. ज्यांनी १० किंवा अधिक सत्रे पूर्ण केली त्यांच्यात गंभीर प्रकार कमी दिसले. नियमित येणारे मुळातच अधिक धडधाकट असू शकतात, म्हणून यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. तरीही, जो उपचार घेतलाच नाही त्याचा गुण येणार नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

उपासक-उपासिकांनो, विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मळात पडला होता. तथागतांनी त्याला विचारले की, तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय? तो नाही म्हणाला. तो इतरांच्या काही कामी येत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, खाटेवर निजवले आणि मग संघाला बोलावून जाब विचारला.

त्याच ठिकाणी रुग्णाचे पाच दोष सांगितले आहेत. तो अपथ्य करतो, मात्रा जाणत नाही, औषध घेत नाही, दुखणे वाढले की कमी झाले हे खरे सांगत नाही, वेदना सोसत नाही. हे आपण सर्वजण रुग्णाला ऐकवतो. पण लगेच पुढे शुश्रूषा करणाऱ्याचेही पाच गुण-दोष सांगितले आहेत, ते आपण विसरतो. त्याला औषध सिद्ध करता आले पाहिजे, पथ्य-अपथ्य कळले पाहिजे, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा केली पाहिजे, किळस करता कामा नये आणि रुग्णाला योग्य वेळी उभारी देता आली पाहिजे. धम्माने जबाबदारी एकट्या रुग्णाच्या शिरावर टाकलेली नाही.

चालण्याचे महत्त्वही आपल्याला परके नाही. चंक्रमणाचे पाच लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. त्यांत निरोगीपण आणि अन्नाचे पचन हेही आहेत. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोण स्थविराला तथागतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला : तार फार ताणू नये, फार ढिली सोडू नये. हृदयरोग्याच्या व्यायामाचा नियमही हाच आहे. चालताना बोलता यावे इतपतच वेग असावा. छातीत दुखले, दम लागला, घेरी आली, घाम फुटला तर तत्काळ थांबावे. बरे वाटले नाही तर १०८ ला फोन करावा.

मग मंडळाने काय करावे? आमच्या तीन सूचना आहेत. एक, वस्तीत कोणी हृदयविकारातून घरी आला की, दोघांनी त्याच्याकडे जावे, सुटीचा कागद वाचावा आणि पुढच्या तपासणीला त्याच्याबरोबर जाऊन 'पुनर्वसन कोठे होईल, किती चालावे?' हे डॉक्टरांना विचारावे. दोन, डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या रुग्णांना विहारात सायंकाळी कामाच्या वेळेनंतर एकत्र चालण्याची सोय करावी आणि स्त्रियांसाठी त्यांच्या सोयीची वेगळी वेळ ठेवावी. ही केंद्रातील उपचाराची बरोबरी नव्हे, पण घरात घाबरून बसण्यापेक्षा खूप बरे. तीन, पुनर्वसनाची सोय शासकीय रुग्णालयात वाढावी व योजनेतून प्रवासखर्च मिळावा, अशी मागणी लेखी करावी.

विद्यार्थी मित्रहो, नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय उभे केले, त्याची फळे आपण खात आहोत. तुमच्यापैकी उद्या कोणी डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट होईल. रुग्ण आला नाही तर वहीत 'गैरहजर' एवढेच लिहू नका. त्याला कोणी बोलावले होते का, त्याच्यासोबत कोणी होते का, त्याचा रोज कोणी भरून दिला का, हे विचारा. तथागतांचा प्रश्नही तोच होता.