'वर्क' आणि 'लेबर'

(वेरूळ येथील कार्यकर्ता शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



इंग्रजीतील 'वर्क' आणि 'लेबर' या दोन्ही शब्दांना मराठीत सर्रास 'काम' म्हटले जाते. तरीही ग्रंथकाराच्या समग्र लेखनाला इंग्रज 'वर्क्स' म्हणतो, 'लेबर्स' म्हणत नाही. उलट, न्यायालय कैद्याला सक्तमजुरी ठोठावते तेव्हा तेथे 'लेबर' येते. पहिल्या शब्दाची दृष्टी निर्मितीवर आहे, दुसऱ्याची शिणणाऱ्या देहावर.

एंगेल्सने 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या चौथ्या जर्मन आवृत्तीत, १८९० साली, या भेदावर एक टीप जोडली. उपयोगी वस्तू घडविणारे आणि गुणाने ओळखले जाणारे ते 'वर्क'. मूल्य निर्माण करणारे आणि परिमाणाने मोजले जाणारे ते 'लेबर'. ही दोन वेगळी कामे नव्हेत. एकाच श्रमाची ही दोन अंगे होत.

वेरूळचे कैलास लेणे याची साक्ष देते. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी घडलेले हे देवालय दगडावर दगड रचून बांधलेले नाही; एकसंध खडक माथ्यापासून पायथ्याकडे फोडीत ते कोरलेले आहे. त्या काळाला आजच्या बाजारी मूल्याचा हिशेब लावणे अर्थातच गैर ठरेल. परंतु श्रमाची दोन अंगे तेथेही दिसतात. जे उरले त्याला जग कलाकृती म्हणते. फोडलेला दगड ज्यांनी वाहून नेला त्यांचा घाम कोणाच्याच खिजगणतीत नाही. बडोद्यास मिळालेल्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या ताम्रपटात, हे मंदिर घडविणारा शिल्पी स्वतःच्याच कृतीने विस्मित झाला असे वर्णन आहे. दगड वाहणाऱ्याच्या विस्मयाची नोंद मात्र कोणी केली नाही.

मराठीने 'लेबर' हा शब्द उचलला तो एका बोलक्या रीतीने. 'आज लेबर आली नाही', 'लेबर महाग झाली', असे ठेकेदार म्हणतो. श्रमाचे नाव माणसाला चिकटले आणि माणूस मोजमापाची वस्तू झाला. 'वर्क' मात्र 'वर्क ऑर्डर'च्या रूपाने ठेकेदाराच्या खिशात राहिले!

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लक्षावधी स्त्री-पुरुष खडी फोडीत होते. त्या अनुभवाच्या बळावर महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. कायद्याने मान्य केला तो काम मागण्याचा हक्क. हजेरीपटावर मात्र उरले दिवस, खोदलेली माती आणि मजुरीचा आकडा. पाझर तलाव कोठे व्हावा, त्याचे पाणी कोणाच्या शेतात जावे, हे माती खोदणारीला बहुधा कोणी विचारले नाही.

रास्त मजुरीचा लढा हा 'लेबर'चा लढा आहे. तो अपरिहार्य आहे आणि त्यात तसूभरही माघार नको. पण समाजवाद तेवढ्यावर थांबत नाही. काय घडवावे, कोणासाठी घडवावे, हे ठरविण्यात घडविणाऱ्याचा वाटा असेल, तेव्हाच 'लेबर'चे 'वर्क' होते. पोटाला पुरेशी मजुरी आणि हातांना आपल्या निर्मितीवर अधिकार, या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात लिहिल्या गेल्या पाहिजेत.