मैदानाच्या कडेचा आवाज

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी युवक मेळाव्यात पालक व क्रीडाशिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



उत्सवाच्या प्रसंगी गोड बोलावे असा संकेत आहे. परंतु आज सायंकाळी आपल्या मुलांचे बास्केटबॉलचे सामने व्हावयाचे आहेत, आणि त्यापूर्वी आपणां वडीलधाऱ्या मंडळींस एक कडू घोट पाजण्याची परवानगी मी फादरांकडून मागून घेतली आहे. तो घोट प्रथम मीच घेतलेला आहे.

चर्चमागचे आपले मैदान आपणांस ठाऊकच आहे. काळ्या मातीवर मुरूम दाबून केलेले. पावसाळ्यात चेंडू उसळत नाही आणि उन्हाळ्यात भेगा चुकवीत धावावे लागते. तेथे मी काही वर्षे मुलांस हा खेळ शिकवीत असे. सामना सुरू झाला की माझा कंठ सुटे. ‘डावीकडे!’ ‘दे त्याला!’ ‘मागे फिर!’ क्षणभरही मी गप्प नसे, आणि हीच आपली कर्तव्यनिष्ठा असे मला वाटे. एकदा एका चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती चेंडू आला. टोपलीपर्यंतची वाट मोकळी होती. मी ओरडलो, त्याच वेळी पलीकडून त्याचे वडीलही ओरडले, आणि दोघांचे सांगणे परस्परविरुद्ध! पोर चेंडू धरून जागीच उभे राहिले. त्याने प्रथम माझ्याकडे पाहिले, मग वडिलांकडे. तेवढ्यात चेंडू हातून गेला. आम्ही दोघेही त्याच्यावरच रागावलो. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर तो मैदानावर आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही. मी घरी जाऊन विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “सर, तुमचं ऐकू आलं की मला खेळ दिसत नाही.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद अशा जागेत दहा खेळाडू सतत धावत असतात. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चेंडू ताब्यात आल्यावर आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडावी लागते व चोवीस सेकंदांत टोपलीकडे फेक करावी लागते. कडेवरचा मनुष्य काही पाहतो, त्यावर विचार करतो, ओरडतो. मुलगा ते ऐकतो, समजून घेतो, वळतो. तोवर ज्या जागेविषयी सांगितले ती जागा बुजलेली असते. म्हणजे उत्तम सल्लाही शिळा होऊन पोहोचतो, आणि तो ऐकण्याच्या पायी मुलाचे स्वतःचे डोळे मात्र निकामी होतात.

हा खेळ ज्यांनी निर्माण केला ते जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्राचे अध्ययन केलेले गृहस्थ होते. आपल्या पंथाचे नव्हते, परंतु सत्पुरुष होते. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे त्यांनी अठरा तरुणांसाठी पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या व तेरा नियम लिहिले. त्या नियमांत पंच आहेत, खेळाडू आहेत. प्रशिक्षकाचा उल्लेखच नाही. पुढे अमेरिकेत प्रशिक्षक आले, तरी विरामाच्या वेळीही त्यांनी खेळाडूंशी बोलू नये असा निर्बंध होता. तो १९४९ साली उठला.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम अधिकृतपणे खेळला गेला. त्याच बर्लिनमध्ये आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. आपल्या हुतूतूचेच पाहा. चढाई करणारा गडी एका दमात परक्या अंगणात शिरतो. कोणास शिवावे, केव्हा परतावे, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. गावातील कोणीही शहाणा मनुष्य त्यास तेथे उसना दम देऊ शकत नाही.

“मग आम्ही घरीच बसावे काय?” असे आपण विचाराल. मुळीच नाही. तुरीनच्या संत योहान बॉस्को यांस मुलांच्या खेळापासून दूर उभे राहणारे वडीलधारे आवडत नसत. १८८४ साली रोमहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी याविषयी खेद व्यक्त केला आहे. मुलांत मिसळावे, आपले प्रेम त्यांना जाणवेल असे वागावे, हा त्यांचा आग्रह. परंतु त्याच संतांस मुलांचे मोकळेपणी धावणे, उड्या मारणे, गलका करणेही हवे होते. जवळ असणे आणि लगाम धरणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मला हे कळावयास एक मुलगा गमवावा लागला.

शिकविण्याची जागा सराव ही होय. तेथे तिघांविरुद्ध दोघे असा खेळ लावावा, मध्येच थांबवावा आणि उत्तर न सांगता विचारावे: तुला आता काय दिसले? प्रथम मुले गोंधळतात, कारण आजवर कोणी त्यांना असे विचारलेलेच नसते! सामन्यात प्रत्येक संघास एकेक मिनिटाचे विराम मिळतात: पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात तीन. त्यांत एकच गोष्ट सांगावी. टाळ्या मात्र हव्या तितक्या वाजवाव्यात, आणि त्या प्रतिपक्षाच्या मुलांसही द्याव्यात.

पालकांस आणखी एक विनंती. घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेल्या मुलास त्याच्या चुका मोजून दाखवू नका. मुले खचून जातील असे त्यांस चिडवू नये, हे संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पित्यांनाच बजावले आहे. त्यास भूक लागली आहे काय, एवढे विचारले तरी पुरे.

आजच्या सामन्यांत विरामाव्यतिरिक्त काही सांगावयाचे नाही, असे दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांनी मान्य केले आहे. पालकांच्या खुर्च्या चिंचेखाली, रेषेपासून दूर मांडल्या आहेत. मजकडे घड्याळ सांभाळण्याचे काम दिले आहे. सामना साडेचार वाजता सुरू होईल.