टॉवेल एक, बेरीज पन्नास

आमच्या सोलापुरात यंत्रमागावर नग मोजणे म्हणजे मजुरी मोजणे. ही मोजणी पीएलसी नावाच्या नियंत्रकाकडे सोपवली, तर तो ती कशी करील?

त्याचा प्रोग्रॅम शिडीसारखा काढतात. पायरीच्या डावीकडे अट, उजवीकडे काम. १९६८ साली अमेरिकेत डिक मॉर्ले यांनी असा नियंत्रक कल्पिला. रिलेच्या वायरिंगचे नकाशे वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तो समजावा, म्हणून ही शिडी. बेरजेच्या (हा शब्द फारसीतून आलेला, म्हणजे आमच्या ओळखीचाच!) पायरीत तीन घरे असतात. पहिल्यात आतापर्यंतचे नग, दुसऱ्यात १, तिसऱ्यात उत्तर. उत्तर पुन्हा पहिल्याच घरात ठेवले की आकडा वाढत जातो.

खरी गोम पुढे आहे. नियंत्रक ही शिडी वरपासून खालपर्यंत सारखा वाचत असतो. एक फेरी १० मिलिसेकंदांची धरा. टॉवेल सेन्सरसमोर अर्धा सेकंद राहिला, तर एका टॉवेलाचे ५० होतात! म्हणून अट खरी होताच फक्त एकदा बेरीज कर, असे वेगळे बजावावे लागते. शिवाय १६ बिटांच्या घरात साधारणपणे ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. त्यात १ मिळवला की काही नियंत्रक चक्क उणे ३२,७६८ दाखवतात. तेव्हा दर पाळीला आकडा शून्य करावा हे बरे, पण त्याआधी तो विणकराला त्याच्या वहीत उतरवून घेऊ द्यावा. घरी तो तेलुगू बोलत असो की उर्दू, आकडे त्याला वाचता येतात.