सरासरी काढण्याआधी



मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की नातेवाईक बिघडलेला मोबाइल पुढे करतात. माझं काम जरा वेगळं आहे. हृदयाची लय बिघडवणारा इवलासा भाग विजेने जाळतात, त्याला अब्लेशन म्हणतात; त्या यंत्राचा प्रोग्रॅम मी लिहिते. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात. तिच्या टोकातून सेकंदाला सुमारे 5 लाख आवर्तनांचा प्रवाह सोडतात. घरातल्या 50 आवर्तनांच्या विजेने हृदय बंद पडू शकतं. इतक्या वेगाला मात्र स्नायू दाद देत नाहीत, नुसते तापतात. 50 अंशांच्या पुढे पेशी मरतात. 100 च्या आसपास आतलं पाणी उकळतं.

एकदा चाचणीत मांसाचा तुकडा फट्कन फुटला. चूक माझीच. आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून मी तापमानाची सरासरी घेत होते, त्यामुळे प्रवाह उशिरा तुटला. टेबलावर पेशंट नव्हता, एवढंच नशीब.

सर, नववीत मी प्रयोगवहीत आधी सरासरी लिहून रीडिंगं मागाहून 'बनवली' होती. तुम्ही पान फाडलंत. आता आमचा प्रोग्रॅम प्रत्येक रीडिंग आधी तपासतो, सरासरी नंतर.

तेव्हा मात्र मी डबा न खाता रडत बसले होते. मागच्या बाकावरच्या साक्षीदार इथेच आहेत.